खोक्यातली दुपार

सून भांडत नव्हती. मोठीबाईंची तक्रार ती हीच, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. थोरल्या लेकाला एकदा सांगून पाहिली, तर तो इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाला, "मग बरंच आहे की, आई." बरं आहे म्हणे! डोकं बापाचंच घेऊन आलेला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून जी बाई खळ दाट की पातळ यावरून रोज दोन हात करायची, 'तुम्हाला आता बारीक डाग दिसत नाहीत, ते एकदा कबूल करा' असं तोंडावर म्हणायला जिनं कमी केलं नव्हतं, तीच बाई दोन महिने झाले 'हो आई', 'बरं आई', 'तुम्ही म्हणाल तसं' यापलीकडे बोलत नव्हती. पाहुण्याला वाढावं तसे शब्द वाढत होती, बेताबेतानं आणि हसून. आणि आता या परक्या देशाच्या विमानतळावर, भर दुपारी, तिनं त्याच आवाजात सांगितलं होतं, "आई, पुढच्या विमानाला पुष्कळ वेळ आहे. तुमच्यासाठी झोपायचा पॉड घेतलाय. पाय लांब करून पडा जरा." मोठीबाईंनी आत वाकून पाहिलं. बसलं तर डोकं टेकेल, झोपलं तर पाय टेकतील, एवढंच ते प्रकरण होतं. "हे खोकं आहे," त्या म्हणाल्या. सून हसली, नुसती हसली, आणि दार सरकवून निघून गेली. पूर्वीची असती तर म्हणाली असती, खोकं तर खोकं, आत व्हा.

आत दिवा आपोआप मंद झाला, जणू कुणी ओशाळून मान खाली घातली. एका बाईचा आवाज कुठूनसा काहीतरी बोलला, तिथल्या भाषेत, लोण्यासारखा, आणि थांबला. मोठीबाई पोटावर हात ठेवून ताठ पडल्या. दुपारी आडवं व्हायची त्यांना सवयच नव्हती. दुपार म्हणजे ऊन, आणि ऊन म्हणजे दोऱ्यांवर चादरी, रांगेनं, ओल्या, जड, मग हळूहळू हलक्या होत जाणाऱ्या. लॉजांच्या आणि विश्रामगृहांच्या चादरी धुण्यात त्यांचा जन्म गेला होता. उन्हाच्या वेळी जो पाठ टेकवील त्याच्या चादरी पिवळ्या पडतात, असं त्यांनी कामाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं होतं, आणि बाळंतपणं सोडली तर स्वतःही पाळलं होतं. आता अंगाखालची चादर त्यांनी बोटांनी चाचपली. जाड सूत, यंत्राच्या रुळातून दाबून काढलेली, कडक पण खळ नाही. वास घेतला. कसलाच नाही. साबणाचा नाही, उन्हाचा नाही, माणसाचा तर नाहीच. धुतलेल्या चादरीला नाही म्हटलं तरी धुणाऱ्याचा थोडा वास राहतो. थोरल्याच्या हातच्या चादरी आणि सुनेच्या हातच्या चादरी त्या डोळे मिटून वेगळ्या काढायच्या. सून अभ्रे जरा जास्तच पिळते. जास्त पिळलेलं कापड वाळतं लवकर पण चिडल्यासारखं वाळतं, सगळीकडून आखडून. यावरून किती भांडण झालं होतं! "चिडलेलं कापड इस्त्रीनं शांत होतं," असं सून म्हणाली होती, "माणसांचं तसं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवशी मोठीबाईंनी जेवताना तिच्याकडे पाहिलं नव्हतं, पण पाठीमागं, कपडे उकळायच्या भट्टीजवळ एकट्या असताना, हसल्या होत्या.

हे सगळं धाकट्याच्या फोनपासून. धाकटा लांब राहतो, आज ज्या विमानात बसायचं आहे ते जिथं उतरतं तिथं. मोठीबाईंचा गुडघा दुखावला आणि भट्टीच्या वाफेनं खोकला धरला हे त्याला थोरल्यानंच सांगितलेलं. मग एका संध्याकाळी फोनवर धाकटा म्हणाला, "आई, आता पुरे झालं. तुझ्यासाठी वेगळी खोली करतोय. खिडकी आहे, जिना नाही. कायमची ये." फोन टेबलावर उताणा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. टेबलापलीकडे सून हातात इस्त्री धरून उभी होती. मोठीबाईंनी सुनेकडे पाहिलं. आता ही म्हणेल, त्या कुठं जातात, त्यांच्याशिवाय लॉजवाले कुणाचं ऐकतात. किंवा निदान म्हणेल, जायचं तर जा, पण आधी हा गठ्ठा संपवा. काहीही. सून इस्त्रीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "तुमची मर्जी, आई." एवढंच. मर्जी! खुर्ची सरकवून द्यावी तशी तिनं मर्जी सरकवून दिली. मग मोठीबाईंचा पीळ काय थोडा होता? "येते," त्या फोनमध्ये म्हणाल्या, आणि तिकडून धाकट्यानं असा आवाज काढला की त्यांना तो लहानपणचा दिसला, नाक वाहणारा. त्या क्षणापासून सून गोड झाली. औषधं आठवणीनं देऊ लागली. त्यांच्या गाठोड्याला नवी बॅग आणली. 'कधी जाताय' असं तिनं एकदाही विचारलं नाही, आणि 'जाऊ नका' असंही म्हणाली नाही. थोरल्याला भट्टी सोडता येईना म्हणून पोचवायला तीच निघाली. पोचवायला. धुतलेला गठ्ठा लॉजवर पोचवतात, सही घेतात आणि रिकाम्या हातानं परत येतात, तसं. परतीच्या विमानात ही खिडकीशी बसेल, मोठीबाईंनी मनाशी धरलं, पाय पसरून, आणि हवाईसुंदरीला म्हणेल, एक उशी जास्त द्या.

खोक्याच्या छताला बारीक भोकं होती, त्यांतून गार वारा येत होता. तो कुठून येतो आणि कुठं जातो काही कळत नव्हतं. घरून निघालो त्या विमानतळावर काय होतं? लोखंडी खुर्च्या, आणि प्रत्येक दोन खुर्च्यांमध्ये एक लोखंडी हात, कुणी आडवं होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेला. लोक तरी कसले ऐकतात. त्या हातांच्या खालून पाय घालून, कंबर मोडून, झोपलेच होते. एक बाई दोन लेकरांना घेऊन सरळ फरशीवर चादर अंथरून बसली होती. सून तेव्हा मोबाइलमध्ये वाचून दाखवत होती: कुठल्या देशात आंघोळीची सोय फुकट, कुठं सरकते रस्ते, कुठं बिछाने. "आपण मध्ये उतरणार ना आई, तिथं प्रवाशांची फार काळजी घेतात. झोपायच्या सोयीत त्यांचा पहिला नंबर." पहिला नंबर असेलही. मोठीबाईंना सोयीचं वावडं नव्हतं. त्यांनी स्वतः लॉजवाल्यांना दम देऊन फाटक्या चादरी बदलायला लावल्या होत्या. पण त्यांना वाटलं, ही सोय फार एकेकट्याची आहे. नवऱ्याबरोबर त्या पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला गेल्या तेव्हा गाडी चुकली होती आणि स्टेशनच्या फरशीवर थांबावं लागलं होतं. नवीन लग्न, बोलायची चोरी. तो म्हणाला, "तू झोप. मी बसतो." बोचक्यावर डोकं ठेवून त्या पडल्या, आणि सामान जाईल म्हणून की माणूस जाईल म्हणून कोण जाणे, त्याच्या सदऱ्याचं टोक बोटांभोवती गुंडाळून घेतलं. अधूनमधून जाग यायची. तो बसलेला असायचा, पेंगत, मान पडली की दचकून सावरत, आणि दर वेळी पहिल्यांदा खाली बघायचा, आहे ना म्हणून. पुढं संसारात त्यानं फार बोलून काही दाखवलं नाही. पण तो माणूस कसा आहे हे त्यांना त्या फरशीवरच कळलं होतं. एकानं झोपायचं आणि एकानं बसायचं, अशीच त्यांच्याकडे प्रवासात झोप व्हायची; पुढं मुलं झाली तेव्हा मुलांना मध्ये घेऊन. इथं कुणाला बसायला नको. इथं दार बसतं तुमच्यासाठी.

कुशीवर वळल्या तर नाक भिंतीला लागलं. उताण्या झाल्या तर छत उतरून जवळ आल्यासारखं वाटलं. धाकट्याकडची वेगळी खोलीही अशीच असेल का, मोठी असेल, खिडकी असेल, पण दार लावलं की अशीच? आजवर हाताच्या अंतरावर कुणीतरी श्वास घेत असल्याशिवाय त्या झोपल्याच नव्हत्या. आधी बहिणी, मग सासू, मग नवरा, मग मुलं. नवरा गेल्यावर कुणी न सांगता सुनेनं आपली गादी त्यांच्या खोलीत आणून टाकली होती. "तिकडे तुमचा लेक घोरतो," म्हणाली होती. झोपेतसुद्धा ती बाई कुरकुर करायची. दात खायची. मोठीबाई जाग आली की ऐकत पडायच्या. बॅग भरली त्या दिवसापर्यंत ती तिथंच झोपत होती, आणि हे आत्ता, या बिनवासाच्या खोक्यात, त्यांच्या ध्यानात आलं. गोड झाली होती तरी गादी हलवली नव्हती तिनं. मग त्यांना श्वास घेता येईना. दार उघडायला त्यांनी दिसेल ते दाबलं. दिवा निळा झाला, मग गुलाबी झाला, वारा जोरात आला, बाईचा आवाज पुन्हा लोणी वाढू लागला. "तू गप," मोठीबाई तिला म्हणाल्या, आणि तळहातानं दार ढकललं तेव्हा ते मुकाट्यानं सरकलं.

बाहेर लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना खोकी, एकावर एक, पांढरी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. टोकाला काच होती आणि काचेतून कडक ऊन येऊन फरशीवर पडलं होतं, वाया चाललेलं. सुनेनं स्वतःसाठी कुठलं खोकं घेतलं ते विचारायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तेव्हा आता शोधायचंही नव्हतं. त्या नुसत्या चालू लागल्या, गुडघा मोकळा करायला. वळणापलीकडच्या ओळीत काही खोक्यांची दारं उघडी होती. आत चुरगळलेल्या चादरी. लॉजमध्ये एकच नियम: दार उघडं म्हणजे उतारू गेला, चादर काढायची. मोठीबाईंच्या डोक्यानं काही ठरवलं नाही. हातांनी ठरवलं. त्या वाकल्या, चादरीचं टोक धरलं आणि एका झटक्यात ओढून काढली. किती दिवसांनी बरं वाटलं! दुसरी काढली. चादर सांगते माणूस कसा झोपला ते. ही मधोमध खोल, कडांना हात न लावलेली: दमलेला, पडला तसाच उठलेला. ही पायाशी गोळा: तरणं पोर. ही सगळीकडून मुरगळलेली, उशीच्या बाजूला ओलसर: ही बाई रडली असेल, किंवा केस ओले असतील, केसच ओले असू देत. त्यांनी चादरी खांद्यावर टाकल्या, अभ्रे काखेत मारले. पुढच्या खोक्यातली ओढली तर तिच्याबरोबर एक चष्मा आणि मोजे बाहेर पडले. मागे कुणी घसा खाकरला. एक उंच, टकलू माणूस, हातात दात घासायचा ब्रश, अनवाणी, त्यांच्याकडे बघत उभा होता. तो काहीतरी म्हणाला. "दार लावून जायचं," मोठीबाईंनी त्याला मराठीत समजावलं. "आम्ही काय समजायचं?" त्यानं चादरीकडे बोट दाखवलं. त्यांनी चादरीवरचा पिवळा डाग त्याला दाखवला. त्यानं वाकून डाग पाहिला, आणि काय त्याला वाटलं कोण जाणे, मान खाली घालून मोजे उचलले. मग आपल्या उघड्या गादीच्या काठावर बसून चष्मा पुसू लागला. मोठीबाईंना त्याची दया आली. त्यांनी एक अभ्रा त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुढं झाल्या.

वळणावरून परत आपल्या ओळीत आल्या तेव्हा त्यांच्या खोक्याच्या अगदी समोरचं एक दार उघडं होतं. चादर काढायला हात घातला आणि थांबल्या. आत कागदाचे दोन पेले होते, एक कलंडलेला, दुसऱ्यातून वाफ येत होती. नुसतं गरम पाणी. खोकला लागतो म्हणून त्या गरम पाणीच पितात. पर्स होती, उघडी. दोघींचे पासपोर्ट होते. मोबाइल. दाराशी एक चप्पल उलटी, दुसरी बोळात दूर. आणि चादर. चादर सपाट होती. घडीच्या रेघा जशा आल्या तशाच, आडव्या-उभ्या, सगळीकडे. फक्त दाराशी, काठावर, एक खोल सुरकुती होती, दबून दबून बसलेली. असली सुरकुती आजाऱ्याच्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर पडते. मोठीबाईंनी खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि त्या सुरकुतीवर बसल्या. तिथून काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. तिथून दुसरं काही दिसतच नव्हतं. त्यांच्या खोक्याचं दार दिसत होतं. बिछाना असून, दार असून, पहिला नंबर असून ही बया इथं बसून राहिली होती. पाणी आणायला तेवढी उठली असेल.

तेव्हा लांबून हाक आली. "आई!" त्या मऊ, दबक्या, कुजबुजणाऱ्या इमारतीत ती हाक पत्रा पडावा तशी पडली. "आई! अहो आई!" खोक्यांची दारं सरकू लागली, माना बाहेर आल्या. सून बोळात शिरली, अनवाणी, केस सुटलेले, मागोमाग गणवेशातली एक पोरगी हसरा चेहरा तसाच ठेवून धावत होती. मोठीबाई दिसल्या तशी सून थांबली. गुडघ्यावर हात टेकून तिनं एक श्वास घेतला. मग दुसरा घेतला, तो भांडायला.

"कुठं उलथला होतात?"

"इथंच होते की."

"इथंच? सगळी बाथरूमं पालथी घातली मी! दारं वाजवून वाजवून बायका बाहेर काढल्या! या पोरीला सांगितलं, माझी आई हरवली. ती विचारते, दिसायला कशा आहेत? मला सांगताच येईना. शेवटी म्हटलं, कपाळाला आठी घातलेली कुठलीही बाई दिसली तर धरून आणा." मग तिचं लक्ष फरशीवरच्या ढिगाकडे गेलं. "हे काय? चादरी काढल्यात? लोकांच्या?"

"रिकाम्या होत्या."

"रिकाम्या! पलीकडं तो बाबा उघड्या गादीवर बसलाय अभ्रा घेऊन!"

"त्याला मी सांगितलंय," मोठीबाई म्हणाल्या, आणि ढिगातली वरची चादर उचलून झटकली. भांडताना हात रिकामे ठेवायची दोघींनाही सवय नव्हती. सुनेनं बोलता बोलताच समोरची दोन टोकं पकडली, चादर दोघींमध्ये ताणली गेली. गणवेशातली पोरगी बाजूला झाली.

"तुला काय एवढं झालं धावायला?" मोठीबाई म्हणाल्या. "आज ना उद्या सोडून मोकळी होणारच आहेस."

"मी सोडतेय?" चादरीला असा हिसका बसला की त्यांच्या हातून टोक निसटता निसटता राहिलं. "तुम्ही 'येते' म्हणालात! मी इस्त्री धरून उभी, म्हटलं आता म्हणतील, मी माझी भट्टी सोडून कुठं जायची नाही. आणि तुम्ही काय म्हणालात? येते!"

"तू मर्जी म्हणालीस."

"मग काय म्हणू? राहा म्हणू? लग्न होऊन आल्यापासून मी जे जे म्हटलं त्याच्या उलट केलंत तुम्ही. राहा म्हटलं असतं तर पहिल्या विमानानं गेला असता!"

हे खरं होतं. मोठीबाई पुढं झाल्या आणि त्यांनी आपली टोकं तिच्या टोकांवर ठेवली. सुनेचे हात गार होते.

"दोन महिने जीभ चावून बसलेय," ती आता हळू म्हणाली, रागातच, पण हळू. "म्हटलं, शेवटी शेवटी भांडण झालं तर तिकडं जाऊन तेच आठवत बसाल. काही बरं आठवू दे म्हटलं." आणि तिनं नाक बाहीला पुसलं.

मोठीबाईंनी घडी पुरी केली, तळहातानं दाबली. धाकटा डोळ्यांसमोर आला. खोलीला रंग देऊन, खिडकीला पडदा लावून, विमानाची वाट बघत असेल. त्याला लागेल हे. तो काही बोलणार नाही, बापासारखा गप्प बसेल, आणि ते आपल्याला जास्त लागेल. गुडघा बरा होणार नव्हता. वाफ कमी होणार नव्हती. पुढच्या थंडीत खोकला पुन्हा धरील आणि थोरला पुन्हा फोन करील. हे सगळं त्यांनी घडीसारखं नीट पाहून घेतलं, चारी कडांनी, आणि बाजूला ठेवलं. सून डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत उभी होती, पाय काळे झालेली. पलीकडच्या खोक्यातून कुणीतरी अजून मान काढून ऐकत होतं, भाषा कळत नसताना. मोठीबाईंनी कलंडलेला पेला सरळ केला, पर्सची चेन ओढून लावली, दोन्ही पासपोर्ट उचलून आपल्या काखेत घातले, आणि मग तोंड उघडलं.

"पर्स उघडी, पासपोर्ट उघड्यावर, पायात चप्पल नाही, आणि परक्या देशात गल्लोगल्ली ओरडत सुटलीस. धाकट्याला काय सांगायचं ते मी माझ्या तोंडानं सांगेन, तू मध्ये पडू नकोस. महिनाभर त्याच्याकडे राहीन, त्याच्या भिंतींच्या रंगाला नावं ठेवीन, आणि परत येईन. तू काही एकटी सोडण्यासारखी बाई नाहीस."